मैदानावरील मैफली व त्यांचें ध्वनिमुद्रण

माझें सारें आयुष्य शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेलें. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्यांत बीबी नांवाचें आमचें गांव आहे. तेथें व आसपासच्या खेड्यांत मीं मास्तरकी केली. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण नाहीं, आणि गायनाचें शास्त्र तर मला मुळींच अवगत नाहीं. तेव्हां गायनावर भाषण करण्याचा अधिकार माझा नव्हे, हें प्रारंभींच सांगून टाकतों. आज ज्या गोष्टीविषयीं मी बोलणार आहें ती खरें पाहतां गायनाची नसून दफ्तराची आहे. मात्र या दफ्तरांतले कागद कागदाचे नाहींत. ते तबकडीचे आणि फितीचे आहेत.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हांपासून बखर वेगळी आणि अस्सल पत्र वेगळें, हा भेद महाराष्ट्रांतील सुशिक्षितांच्या अंगवळणीं पडला. बखरकार प्रसंग घडून गेल्यावर कित्येक वर्षांनीं निवांत बसून लिहितो. त्याची भाषा रसाळ असते, वीर शोभून दिसतात, आणि गैरसोयीचें तेवढें गळून जातें. उलट पत्र लिहिणारा छावणींत मांडीवर कागद घेऊन घाईनें लिहीत असतो. अक्षर किरटें, मजकूर अर्धवट, मध्येंच दाणावैरणीची तक्रार. परंतु त्यावर तिथि असते आणि शेवटीं मोर्तब असतें. इतिहासकाराला हवें असतें तें हेंच. मुलांना हा भेद मीं तीसपस्तीस वर्षें शिकविला. आणि स्वतःच्या घरांत मात्र एका अस्सल पत्राची बखर करून बसलों.

हें माझ्या ध्यानांत आणून दिलें तें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. हल्लीं तो पुण्यास नोकरीस असतो व जुन्या मैफलींच्या फिती जमविण्याचा त्याला छंद आहे. छंद कसला, व्यसनच म्हणावें. दिवाळींत गांवीं आला कीं दोन दिवस माझ्या ओसरीवर बैठक मारतो. माझ्याजवळ पंडित भीमसेन जोशी यांच्या तोडीची एक फीत आहे, ती ऐकून झाल्यावर एकदां त्यानें विचारलें, "गुरुजी, ही कोणत्या सालची? आणि कुठली?" मला उत्तर देतां आलें नाहीं. तो कांहीं बोलला नाहीं, पण त्याच रात्रीं त्यानें मला एक परदेशची हकीकत सांगितली. ती बोलण्याची त्याची सभ्य रीत असावी. पुण्याकडे वळण्यापूर्वी ती हकीकत सांगतों.

अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा चेंडूफळीचा खेळ आहे. आपल्याकडे क्रिकेटचें जें वेड, तें तिकडे त्याचें. न्यूयॉर्क शहरांत या खेळासाठीं बांधलेलें शे स्टेडियम नांवाचें प्रचंड क्रीडांगण १९६४ सालीं उघडलें. दुसऱ्याच वर्षीं, १५ ऑगस्ट १९६५ रोजीं, बीटल्स या नांवानें जगभर गाजलेल्या चौघा इंग्रज तरुणांचा जलसा तेथें झाला. श्रोते पंचावन्न हजारांच्या वर होते. त्यापूर्वी इतक्या जनसमुदायापुढें असा जलसा क्वचितच कोणी केला असेल. गाणें जेमतेम अर्धा तास चाललें. या दौऱ्यासाठीं शंभर वॉटचे ध्वनिवर्धक मुद्दाम तयार करविले होते. परंतु श्रोत्यांच्या, विशेषतः मुलींच्या, किंकाळ्यांपुढें त्यांचा टिकाव लागेना. सामन्याच्या वेळीं खेळाडूंचीं नांवें पुकारावयास बसविलेले जे मैदानाचे कर्णे, त्यांतूनही गाणें सोडलें होतें. गाणारांना स्वतःचा आवाज ऐकूं येत नव्हता. मागें बसलेल्या ताशेवाल्याला पुढच्या तिघांच्या हालचालींवरून गाणें कोठवर आलें याचा अदमास बांधावा लागे.

या जलशाचा बोलपट निघावयाचा होता. ध्वनीची फीत ऐकतांच मंडळींची निराशा झाली. मग ५ जानेवारी १९६६ रोजीं त्या चौघांना लंडनमधील एका ध्वनिमुद्रणगृहांत बोलावून गाण्यांचे कांहीं भाग पुन्हां गाऊन व वाजवून घेतले, आणि ते मैदानावरील गलबल्यांत बेमालूम बसवून दिले. एका गाण्याच्या जागीं तर बाजारांत आधींच आलेली तबकडीच चिकटविली. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर तो बोलपट दाखविला. पाहणारांनीं मानलें कीं, शे स्टेडियमवर असें गाणें झालें. वस्तुतः जें कानीं पडत होतें त्यांतलें कांहीं न्यूयॉर्कचें होतें आणि कांहीं लंडनचें. या चौघांचे चाहते पुढें वर्षानुवर्षें या एकाच कामांत गढलेले आहेत: ओठ काय म्हणतात आणि कानीं काय पडतें हें ताडून पाहावयाचें, कोणता तुकडा मैदानाचा आणि कोणता मागाहूनचा याचा वाद घालावयाचा. बाहेरच्याला हा रिकामटेकडेपणा वाटेल. मला तसें वाटलें नाहीं. पत्राच्या पोटांत कोणी मागाहून ओळ घुसडली आहे काय, हें शोधणाराचें काम याहून निराळें नसतें.

दुसऱ्या वर्षीं, २९ ऑगस्ट १९६६ रोजीं, सान फ्रान्सिस्को येथील कँडलस्टिक पार्क या बेसबॉलच्याच मैदानावर त्यांचा तिकीट लावून केलेला अखेरचा जलसा झाला. हें शेवटचें असें लोकांना ठाऊक नव्हतें. गाणारांच्या मनांत मात्र होतें. चौघांपैकीं पॉल मॅकार्टनी यांनीं आपल्या प्रसिद्धीचें काम पाहणारे टोनी बॅरो यांस सांगितलें कीं, आजचें गाणें टिपून ठेवा. कॅसेट त्या वेळीं नवी होती. फिलिप्स कंपनीनें ती १९६३ सालीं काढलेली. बॅरो यांनीं मैदानांत उभें राहून आपलें लहानसें यंत्र चालू केलें. फितीची एक बाजू सुमारें अर्ध्या तासाची. अखेरचें गाणें सुरू झालें आणि फीत संपली. ती उलटावयाचें त्यांना सुचलें नाहीं. त्या फितींत गाणें मध्येंच तुटतें. माझ्या विद्यार्थ्यानें मला तें ऐकविलें तेव्हां मी, इंग्रजी गाण्यांतलें कांहींही न कळणारा मनुष्य, खुर्चीवरून पुढें सरकलों. शे स्टेडियमचा बोलपट ही बखर, आणि ही तुटलेली फीत म्हणजे अस्सल पत्र. शे स्टेडियम २००९ सालीं पाडून टाकलें, कँडलस्टिक पार्क २०१५ सालीं. दोन्ही मैदानें आतां जमिनीवर नाहींत.

आतां पुण्यास येऊं. किराणा घराण्याचे थोर गायक रामभाऊ कुंदगोळकर हे खांसाहेब अब्दुल करीम खां यांचे शिष्य. त्यांचा जन्म १८८६ सालचा. नाट्यकलाप्रवर्तक मंडळींत ते स्त्रीभूमिका करीत, व 'सवाई गंधर्व' ही पदवी त्यांना अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांनीं दिली. या गोष्टीचा उल्लेख पुण्याची मंडळी करोत न करोत, आम्ही वऱ्हाडचे लोक केल्यावांचून राहत नाहीं. १२ सप्टेंबर १९५२ रोजीं ते निवर्तले. पुढच्या वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं व चाहत्यांनीं त्यांच्या स्मरणार्थ पुण्यास गायनवादनाचा उत्सव केला. तोच पुढें आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या विद्यमानें भरत आला. गंगूबाई हनगल, फिरोझ दस्तूर हीं गुरुभावंडें तेथें गात. आणि भीमसेन जोशी यांनीं तर हा उत्सव घरच्या कार्यासारखा आपल्या खांद्यावर वाहिला. २४ जानेवारी २०११ रोजीं तेही गेले, आणि उत्सवाच्या नांवांत गुरूच्या जोडीस शिष्याचें नांव आलें.

पुण्यतिथि सप्टेंबरांतली, म्हणजे पावसाची. उघड्या मैदानाला तें सोसेना, म्हणून उत्सव डिसेंबरांत नेला. वर्षानुवर्षें तो डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या रमणबागेंतील न्यू इंग्लिश स्कूलच्या पटांगणावर होत असे. गर्दी मावेना, तेव्हां २०१८ सालीं तो मुकुंदनगरांत महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडांगणावर गेला. महाराष्ट्रीय मंडळ ही १९२४ सालीं व्यायाम व खेळ यांच्या प्रसारासाठीं स्थापन झालेली संस्था. म्हणजे न्यूयॉर्कप्रमाणेंच येथेंही एरवीं पोरांनीं धांवावयाचें मैदान तें चार-पांच दिवस गाण्याचें मंदिर होतें. फरक एवढाच कीं, तेथें पंचावन्न हजार लोक ओरडत होते, आणि येथें हजारों लोक सतरंजीवर मांडी ठोकून दीड-दीड तास गप्प बसतात.

गप्प म्हणजे अगदीं गप्प नव्हे. खोकला आहे, मूल रडतें, दाद जाते, चहाच्या पेल्यांचा आवाज होतो, आणि पूर्वीं पहाट झाली कीं कावळे ओरडत. 'पूर्वीं' म्हणण्याचें कारण असें कीं, आरंभींच्या अनेक वर्षांत अखेरची मैफल रात्रभर चालून उजाडतां संपत असे. २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले आणि रात्रीं दहानंतर उघड्या जागीं ध्वनिवर्धक लावावयास बंदी आली. वर्षांतून मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, तेवढीच. मैदानाच्या कडेला राहणाऱ्या आजारी माणसाच्या दृष्टीनें विचार केला तर या नियमास नांवें ठेवण्यास माझें तोंड धजत नाहीं. पण त्यामुळें मध्यरात्र उलटल्यावरचे आणि झुंजुमुंजूचे राग त्यांच्या खऱ्या वेळीं मैदानावर ऐकूं येईनासे झाले, हेंही खरें. सकाळचें सत्र ठेवून कांहीं भरपाई केली आहे. परंतु रात्रभर जागून आलेल्या कानांवर पडणारी तोडी वेगळी आणि न्याहारी करून येऊन ऐकलेली तोडी वेगळी, असें जाणते सांगतात.

या उत्सवाची सांगता करण्याची एक प्रथा आहे. सर्वांचें गाऊन झालें म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या आवाजांतील एका भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. ती काळ्या तबकडीच्या काळांतली, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांची. रामभाऊंचा आवाज खुलावयास वेळ लागे असें त्यांचे समकालीन लिहून गेले आहेत. तबकडीला वेळ कोठला! तिला एका बाजूला चार मिनिटेंही पुरीं मिळत नसत. तरीही इतके नामांकित गवई गाऊन गेल्यावर शेवटचा शब्द राहतो तो त्या खरखरत्या तीन मिनिटांचा.

आतां माझी फीत. १९८० नंतरच्या दहा वर्षांत केव्हां तरी माझा पुण्याचा मावसभाऊ उत्सवाला गेला होता. त्यानें पिशवींत टेपरेकॉर्डर नेला आणि नव्वद मिनिटांच्या फितीवर अखेरचें सत्र जमेल तेवढें उतरून घेतलें. त्यास कोणाची परवानगी होती काय, याची चौकशी मीं केली नाहीं आणि त्यानेंही सांगितली नाहीं. ती फीत त्यानें मला दिली. आमच्याकडे गाणें येत असे तें आकाशवाणीवरून. रात्र झाली म्हणजे मध्यम लहरींवर दूरचीं केंद्रें लागत, कारण सूर्य मावळल्यावर वरच्या वातावरणांतून त्या लहरी परतून लांबवर पोंचतात. पण तें गाणें येऊन निघून जाई. फीत ही हातांत राहणारी वस्तु. मला अत्यानंद झाला.

त्या फितींत काय काय होतें तें आज आठवून सांगतों. आरंभीं निवेदकाचे चार शब्द. त्यांत वर्षाचा उल्लेख खासच असणार. मग लोकांची सरकासरकी, तंबोरे जुळविणें, कोणीतरी पोराला दटावणें. मग गाणें. गाण्यानंतर टाळ्या, बराच वेळ. त्यानंतर खुर्च्यांचा आवाज, आणि शेवटीं कर्ण्यांतून येणारी ती सवाई गंधर्वांची भैरवी. मी पडलों मास्तर. वहींत खाडाखोड मला खपत नाहीं. शेजाऱ्याकडे दोन फितींचें यंत्र आलें होतें. एका सुटीच्या दिवशीं तें आणून मीं त्या नव्वद मिनिटांतून नुसतें गाणें निवडून साठ मिनिटांच्या नव्या फितीवर उतरविलें. निवेदन गाळलें, खोकले जेथें गाळतां आले तेथें गाळले, टाळ्या गाळल्या. भैरवीही गाळली, ती तबकडी काय, वेगळी मिळतेच, असें मनाशीं म्हटलें. झालेल्या सफाईचें मला भारी कौतुक वाटलें. कोऱ्या फितीला पैसे पडत, म्हणून मूळ फीत मीं शाळेच्या स्नेहसंमेलनांतील मुलांच्या गाण्यांसाठीं दिली.

मोर्तब कापून टाकलें, तिथि खोडली, आणि उरलेला मजकूर सुवाच्य अक्षरांत लिहून काढला. बखर म्हणजे आणखी काय असतें?

माझ्या विद्यार्थ्यानें मात्र हार मानली नाहीं. मला पूर्वीं ठाऊक नव्हतें कीं, या चाहत्यांच्या जगांत पुरावा तपासण्याच्या रीति ठरून गेलेल्या आहेत. मुंबईस १९९० सालीं 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही तबकड्या जमविणारांची संस्था निघाली. श्री. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या मंडळींनीं तिच्याद्वारें श्रवणसभा भरविल्या, नियतकालिक काढलें. तबकडीच्या मधल्या कागदाशेजारीं कोरलेला अंक पाहून तिच्या मुद्रणाचा काळ ठरवितां येतो. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें प्रथम मुद्रित झालें. त्या काळीं गाणारी गाण्याच्या शेवटीं आपलें नांव स्वतः उच्चारीत असे. तें उच्चारलेलें नांव म्हणजे तबकडीचें मोर्तबच. मैदानावरच्या फितींना असा अंक नसतो. तेथें खुणा निराळ्या. एकाच मैफलीच्या दोघांनीं केलेल्या दोन फिती मिळाल्या तर खोकला जुळतो काय तें पाहावयाचें. हंसूं नका, श्रोतेहो. एकच तान गायक दहा वेळां घेऊं शकेल, पण तानेच्या नेमक्या त्याच जागीं तोच खोकला दोनदां येत नाहीं.

माझी फीत त्यानें अशीच तपासली. आवाजाला मागून हलकासा प्रतिध्वनि आहे. म्हणजे तो कर्ण्यांतून येऊन भोंवतालच्या इमारतींवर आदळत आहे, बंद नाट्यगृह नव्हे. विलंबिताच्या अखेरीस कावळे ऐकूं येतात. गाणें चालू असतां ते ओरडले म्हणून माझ्या कात्रींतून वांचले. मैदान आहे आणि सकाळ आहे, इतकें ठरलें. पण पुण्याचेंच मैदान कशावरून? भीमसेनजी तर हिंदुस्थानभर गात.

अलीकडे यंत्रविद्या फार पुढें गेली आहे. २०१६ सालीं बीटल्सच्या दौऱ्यांवर एक बोलपट आला, तेव्हां शे स्टेडियमचीं जुनीं मुद्रणें पुन्हां साफसूफ करून चित्रगृहांतून ऐकविलीं. गणकयंत्र आतां आवाजांतून आवाज वेगळा काढूं शकतें. जें मीं शेजाऱ्याच्या यंत्रावर दिवसभर खपून ओबडधोबड केलें, तें एका बटनानें होईल. माझा त्यास विरोध नाहीं, मूळ फीत पुसली नाहीं म्हणजे झालें. दुसऱ्या बाजूनें मुद्रणांचा सुकाळ असा झाला आहे कीं मति गुंग व्हावी. क्रिकेटसाठीं १९३७ सालीं उघडलेल्या मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर ७ एप्रिल २००३ रोजीं रोलिंग स्टोन्स हे इंग्रज गवई गाऊन गेले, तेव्हां श्रोत्यांच्या हातांत फारसें कांहीं नव्हतें. जानेवारी २०२५ मध्यें नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या मंडळीचे तीन जलसे झाले. माझी नात गेली होती. तिच्या फोनांत मीं पाहिलें, तर मैदानभर फोनच फोन वर धरलेले. त्यांतलें चाळीस वर्षांनीं कोणाजवळ काय राहील, हें मला सांगतां येणार नाहीं. नातीचा जुना फोन तर आतांच बंद पडला आहे.

गेल्या उन्हाळ्यांत त्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मीं शाळेंत जाऊन जुन्या सामानाची पेटी उघडविली. स्नेहसंमेलनाची फीत तींत सांपडली. वर माझेंच अक्षर. ती घरीं आणून आम्ही दोघांनीं ऐकली. एका बाजूला मुलांचीं स्वागतगीतें, एक पोवाडा, पाहुण्यांचें भाषण. दुसऱ्या बाजूलाही तेंच. मीं आशा सोडली होती. पण पाहुण्यांचें भाषण अपेक्षेपेक्षां लौकर संपलें असावें. तें तुटलें, खट्ट असा आवाज झाला, आणि पाठोपाठ एकदम मोठ्या गर्दीचा निःश्वास ऐकूं आला. खुर्च्या सरकल्या. कोणी तरी म्हणालें, "उठा, उठा." आणि लांबून, कर्ण्यांतून, खरखरत सवाई गंधर्वांची भैरवी आली. मिनिट-दीड मिनिट. मग फीत संपली.

म्हणजे स्थळ ठरलें: पुणें, उत्सवाचें अखेरचें सत्र, सकाळची वेळ. फितीच्या वेष्टणावर मीं तेवढें लिहिलें आहे व साल लिहावयाची जागा कोरी ठेविली आहे. मावसभाऊ हयात नाहीं. मुलांचीं गाणीं मात्र या खेपेस मीं गाळलीं नाहींत. पाहुण्यांच्या भाषणासकट सारी फीत जशीच्या तशी विद्यार्थ्यानें उतरून घेतली आहे. त्या सत्राची दुसरी एखादी फीत कोणा श्रोत्याजवळ असेल तर तींत विलंबिताच्या अखेरीस, कावळे ओरडतात त्याच्या किंचित् आधीं, डाव्या अंगानें एक बाई दोनदां खोकतात काय, तेवढें कृपा करून ऐकून पाहावें.